धाकटीचं पाणी

बोदरी नदी काही मोठी नाही. नाकाडोंगरीकडच्या डोंगरातून ती निघते तेव्हा तिला नदी म्हणायलाही माणूस कचरतो. उन्हाळ्यात गुरं तिच्यातून खूर न भिजवता पलीकडे जातात. पण वैनगंगेला मिळायच्या आधी ती तीन तलाव भरायची, आणि त्या तीन तलावांवर तीन गावं जगायची. सगळ्यात वर हिवरटोला, मध्ये जांभूळटोला, शेवटी उमरपार. तलाव नेमके कधी बांधले ते कुणाला सांगता येत नाही. कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले, गोंड राजाच्या काळात बांधले, एवढं सगळे सांगतात. ज्यांनी बांधले त्यांनी नदीला तीन पायऱ्या करून दिल्या. पहिला तलाव काठोकाठ भरला की पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, टोकाला असलेल्या दगडी उंबऱ्यावरून जादा पाणी पुन्हा नदीत पडायचं आणि दुसऱ्या तलावाकडे निघायचं. या उंबऱ्याला इकडे सलंग म्हणतात. दुसऱ्याच्या सलंगीवरून तिसऱ्यात, आणि तिसऱ्याच्या सलंगीवरून वैनगंगेत.

लोक या तलावांना बहिणी म्हणायचे. थोरली, मधली, धाकटी. थोरलीचं पोट भरल्याशिवाय मधलीला मिळायचं नाही, मधलीचं भरल्याशिवाय धाकटीला नाही. पण थोरलीनंही पोटापेक्षा जास्त ठेवायचं नाही, हा कुठं न लिहिलेला कायदा होता. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, तरी सलंगीच्या दगडाला कुणी हात लावला नव्हता.

गोदावरीबाईचा जन्म हिवरटोल्याचा आणि संसार उमरपारचा. थोरलीच्या काठची पोर धाकटीच्या काठी दिली, असं तिची सासू कौतुकानं म्हणायची. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात तिला माहेरची फार आठवण यायला लागली. भाताचं आधण ठेवता ठेवता डोळे भरायचे. एक दिवस सेवकराम, तिचा नवरा, तिला पाळीवर घेऊन गेला. नदीच्या तोंडातून गढूळ, तांबूस पाणी तलावात शिरत होतं. तो म्हणाला, "हे तुह्या गावचं पाणी हाय. कालपरवा तुह्या दादानं यात बैल धुतले असतील." ती हसली, आणि त्यानंतर माहेरासाठी कधी रडली नाही. दरवर्षी श्रावणात पाणी आलं की ती पाळीवर जाऊन ओंजळभर पाणी डोळ्यांना लावून यायची, एवढंच.

काही वर्षांमागे लागोपाठ दोनदा पावसानं दगा दिला. हिवरटोल्याच्या लोकांनी तेव्हा सभा घेतली आणि सलंगीवर गुडघाभर उंचीची सिमेंटची भिंत घातली. गुडघाभर म्हणजे फार वाटत नाही. पण थोरलीचा पसारा एवढा मोठा की त्या गुडघाभरात अख्खी धाकटी मावली असती. त्या पाण्यावर हिवरटोल्याला उन्हाळी धान व्हायला लागला. चैत्रात जिथं धूळ उडायची तिथं धानाची हिरवीगार बांधी दिसायला लागली, मुलींच्या लग्नात मांडव मोठे पडायला लागले. मधली निम्मी भरायची. धाकटीपर्यंत काही पोचायचंच नाही, कारण तिला नदीशिवाय स्वतःचं असं पाणीच नव्हतं.

भिंत घालणाऱ्या पाणी संस्थेचा अध्यक्ष होता यादोराव, गोदावरीबाईचा थोरला भाऊ.

उमरपारात या गोष्टीवरून खूप बोलणं झालं. तिच्यासमोर लोक गप्प व्हायचे, आणि ती गेली की पुन्हा सुरू व्हायचे. सेवकराम एकदाच म्हणाला, की यादोरावला एक शब्द टाकून पाहा. ती ताडकन म्हणाली, की लुगडं मागितलं नाही, वाटणी मागितली नाही, आता माहेरी जाऊन पाणी मागू का? सेवकरामनं तो विषय पुन्हा काढला नाही. तो संध्याकाळी पाळीवर जाऊन बसायचा, कोरड्या तलावाकडे पाहायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात तो छातीत कळ येऊन गेला. भाऊबीजेला ती हिवरटोल्याला जात राहिली, यादोराव साडी देत राहिला, जेवणं होत राहिली. पाण्याचं नाव दोघांनीही काढलं नाही.

इकडे धाकटीच्या पोटात आधी गवत माजलं. टेकचंद ढिवर, जो पिढ्यान्‌पिढ्या त्या तलावात मासे धरायचा आणि शिंगाडे लावायचा, त्यानं आपला डोंगा, लाकडी नाव, पालथा घालून ठेवला आणि नागपूरला बांधकामावर गेला. मग कुणी तरी ओलीवर लाखोरीची डाळ पेरली. ती जोरात आली. पुढच्या वर्षी लोकांनी तलावाच्या पोटात धुरे, म्हणजे मातीचे बांध, टाकून बांध्या पाडल्या. पिढ्यांचा गाळ तो, खत न घालता धान छातीला लागायचा. गोदावरीबाईचा मुलगा मनिष यानंही चार बांध्या धरल्या. टेकचंद नागपूरहून परत आला, त्यालाही लोकांनी समजुतीनं एक तुकडा दिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या नावावर नाही तरी त्याच्या हातात जमीन आली होती.

गोदावरीबाईला हे दिसत होतं. ती रोवणीला स्वतः गेली होती, सून चंदाच्या शेजारी वाकून तिनं त्या गाळात धान लावला होता. त्याच तांदळाचा भात घरात शिजत होता. पण तिच्या मनात हे सगळं तात्पुरतं होतं. पाणी नाही म्हणून बांध्या आहेत, पाणी आलं की लोक उठतील, असंच तिला वाटत राहिलं. हे तिनं मनिषला कधी विचारलं नाही. विचारायचं असतं, असंही तिला वाटलं नाही.

यंदा राखीच्या दुसऱ्या दिवशी भुजल्या शिरवायच्या होत्या. टोपलीत उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब घेऊन बाया दरवर्षी वाजतगाजत तलावावर जायच्या, आणि ते पाण्यात सोडून, थोडे हातात राखून, एकमेकींना द्यायच्या. दोन-तीन वर्षं नदीच्या डबक्यात भागवलं होतं. यंदा डबकंही नव्हतं. बायांनी हातपंपाजवळ प्लास्टिकचा मोठा टब ठेवला, तो भरला, आणि त्यात एकेक टोपली बुडवून काढली. पोरींना मजा वाटली. चंदाही हसत होती. गोदावरीबाईनं आपली टोपली बुडवली आणि तिला एकदम लाज वाटली. कुणाची ते तिला कळेना. घरी येऊन तिनं पिशवी भरली आणि मनिषला म्हणाली, की उद्या मला आंधळगावला बसवर सोड, भावाला भेटून येते. राखी कालच झाली होती आणि तिनं ती पोस्टानं पाठवली होती. तरी मनिषनं काही विचारलं नाही.

हिवरटोल्याला ती पोचली तेव्हा यादोराव पाळीवर होता. थोरली तुडुंब भरलेली होती. पाणी भिंतीला वरपर्यंत टेकलं होतं आणि वारा आला की थोडं थोडं पलीकडे सांडत होतं. तिला पाहून तो घाईनं उठला.

"काहून वो बाई, अशी न सांगता आली? बरं हाय ना घरी?"

"बरं हाय. तुहा तलाव पाहाले आली."

दोघं पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली बसली. मग तिनं त्याला टबाची गोष्ट सांगितली. रागावून नाही, जशी झाली तशी. बाया कशा रांगेत उभ्या होत्या, पोरी कशा हसत होत्या. तिनं सेवकरामबद्दलही सांगितलं, तो संध्याकाळी कुठं बसायचा ते. यादोराव खाली मान घालून ऐकत होता. त्याला वाटत होतं की तिला हे सगळं त्यानं आधीच विचारायला हवं होतं, आणि तिला वाटत होतं की हे सगळं तिनं आधीच सांगायला हवं होतं.

तो म्हणाला, "तू एवढी वर्सं काहून नाई बोलली?"

"तू आपन होऊन देशील असं वाटे."

"मले वाटे, तुले राग असता तं तू आली नसती भाऊबीजेले." त्यानं पाण्याकडे पाहिलं. "बाई, भिंत काढतो म्हटलं तं गाव मले फाडून खाईल. माह्याच पोरायची उन्हाळी बुडते."

"मले माह्यासाठी नाई पाह्यजे, दादा. तलाव वाट पाहून राहिला."

हे वाक्य ती मनापासून बोलली होती. पुढं कितीतरी दिवस तिला तेच वाक्य आठवत राहिलं.

यादोरावनं तिला त्या दिवशी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण ती गेल्यावर त्यानं संस्थेची सभा बोलावली. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात ती सभा झाली आणि तिचं भांडण पोळ्याच्या तोरणापर्यंत गेलं. त्याच्याच मोठ्या मुलानं भर सभेत विचारलं, की आत्याचं गाव मोठं की आपलं पोट? यादोराव म्हणाला, की पोट आपलंच मोठं आहे, म्हणूनच बोलतो आहे. बापजाद्यांनी जो दगड ठेवला त्याच्यावर आपण बसून खाल्लं, आता उठलं पाहिजे. कुणी मानायला तयार नव्हतं. शेवटी त्यानं अध्यक्षपद सोडायची तयारी दाखवली आणि एवढ्यावर तोड निघाली, की या एका वर्षी भिंतीचा मधला भाग काढायचा, उन्हाळी धान अर्धा लावायचा, पुढचं पुढं पाहू. पद मात्र त्याच्याकडून गेलं. भिंत फोडायला मजूर मिळेनात. तेव्हा उतारवयात त्यानं स्वतः लोखंडी सब्बल हातात घेतली. दुपारपर्यंत तो एकटाच ठोकत होता. मग मुलगा आला, त्यानं बापाच्या हातातून सब्बल घेतली आणि मधला उरलेला भाग पाडला.

गोदावरीबाईला फोन आला तेव्हा ती अंगणात धान्य निवडत होती. पलीकडून यादोरावचा आवाज लहान पोरासारखा येत होता.

"बाई, पाणी सोडलं. तुह्या गावाकडं येऊन राहिलं."

तिनं ते घरात कुणाला लगेच सांगितलं नाही. तिला वाटलं, आपोआप दिसू दे. मधली भरेपर्यंत वेळ जाईल हे तिला ठाऊक होतं. ती त्या दिवशीही पाळीवर गेली आणि दुसऱ्या दिवशीही, सेवकराम बसायचा तिथं जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी नदीच्या तोंडाशी पांढरा फेस दिसला. फेसाच्या पुढे वाळकी पानं, काड्या, मुंग्यांचे गोळे, आणि मागून तेच गढूळ, तांबूस पाणी. कुठून तरी बगळे आले. ती उभी राहिली. तिच्या छातीत इतकं भरून आलं की तिला क्षणभर बांध्या दिसल्याच नाहीत.

मग पाणी पहिल्या धुऱ्याला लागलं. धान पोटरीत होता, लोंबी आतल्या आत भरत होती. आठवडाभर पाणी डोक्यावरून राहिलं असतं तर सगळं कुजलं असतं. पहिली हाक टेकचंदनं दिली. तो आपल्या तुकड्याच्या कडेला उभा राहून ओरडत होता आणि हातानं माती उकरून धुऱ्यावर टाकत होता. ज्याच्या बापानं या पाण्यावर पोट भरलं, तो पाणी अडवायला हातांनी माती टाकत होता. चंदा धावत आली, तिच्या मागून अर्धं गाव आलं. कुणी म्हणालं वरून तलाव फुटला, कुणी म्हणालं हिवरटोल्यानं दावा साधला. मनिष मोटारसायकल टाकून पाळीवर चढला तेव्हा त्याला आई दिसली.

तिनं त्याला सांगितलं. लपवायचं काही नव्हतं. मामानं भिंत फोडली, मीच म्हटलं होतं, म्हणाली.

मनिष रागावला नाही. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"मले सांगतलं असतं तं, आई..."

"तू थांबवलं असतं."

"हो," मनिष म्हणाला. "थांबवलं असतं. तलाव होता तेव्हा होता. आता इथं तीस-चाळीस घरायचा धान उभा हाय. आपला बी हाय."

तेवढं बोलून तो खाली गेला. पाळीखालचं जुनं दार, ज्यातून पूर्वी शेतांना पाणी सोडायचे, ते गाळानं बुजलं होतं, ते उघडेना. कुणी तरी जेसीबी बोलावला. दुपार कलायच्या आत त्यानं नदीच्या तोंडाशी मातीचा ढीग घालून तलावाची वाट बंद केली आणि बाजूनं एक चरी खोदून दिली. तरी आत शिरलेलं पाणी उरलंच. त्याच्यासाठी पाळ कापावी लागली. जिथं सेवकराम बसायचा तिथून थोडंसं पुढं. बांधणाऱ्यांनी चोपून चोपून बसवलेली ती माती इतकी टणक निघाली, की यंत्राचा दात दोनदा घसरला. मग ती सुटली. पाणी त्या फटीतून बाहेर पडलं आणि चरीतल्या पाण्याला मिळून वैनगंगेकडे निघून गेलं. गोदावरीबाई हे सगळं होईस्तोवर तिथंच उभी होती. एकदा तिला वाटलं, आडवं व्हावं, नको म्हणावं. पण कोणाला म्हणणार होती? टेकचंद चिखलात बसून एकेक रोप सरळ करत होता. चंदाचे पाय कमरेपर्यंत माखले होते, आणि ती रडत नव्हती, फक्त पटापटा हात चालवत होती. त्या धानाची रोवणी करताना आपणही हात दिला होता, हे ती कशी विसरणार?

धान वाचला. सगळा नाही, पण पुष्कळ वाचला.

हिवरटोल्याला हे कसं कळवावं, याचा तिला धीर होईना. फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. चार दिवसांनी यादोरावच नातवाला घेऊन मोटारसायकलवर आला. डब्यात सुवाऱ्या आणि बडे, म्हणजे पुऱ्या-वडे, होते. धाकटी भरलेली पाहायला आलो म्हणाला. कितीतरी वर्षांत पाहिली नाही, म्हणाला. मनिष घरात नव्हता. ती भावाला घेऊन पाळीवर गेली. वाटेत सांगावं असं तिच्या मनात आलं, पण तो भराभर पुढं चालत होता.

पाळीवर चढून तो थांबला. खाली हिरवा धान होता. पाळीला मोठी फट पडली होती आणि तिच्या कडेची माती अजून ओली होती. त्यानं फटीकडे पाहिलं, धानाकडे पाहिलं, पुन्हा फटीकडे पाहिलं.

"पाणी कोठी गेलं, बाई?"

"नदीत गेलं."

तिला पुढं खूप बोलायचं होतं. मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायचं होतं. पण तेही खरं नव्हतं. ठाऊक करून घेतलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "मी तुले इच्यारलं, दादा. घरी कोनाले इच्यारलं नाई."

यादोराव पाळीवर खाली बसला. त्याच्या तळहातांवरचे सब्बलीचे फोड अजून सुकले नव्हते. तो रागावेल, उठून जाईल, असं तिला वाटलं. पण तो बराच वेळ धानाकडे पाहत राहिला, शेतकऱ्याच्या नजरेनं, आणि मग हळूच म्हणाला, की धान फार चांगला आहे, लोंबी भरली तर इथं पीक हिवरटोल्यापेक्षा जास्त येईल. तेव्हा ती रडली. सेवकराम गेला तेव्हाही ती एवढी रडली नव्हती. भावानं तिला रडू दिलं.

तो त्या दिवशी जेवून गेला. मनिष आला, मामाच्या पाया पडला, दोघं धानाच्या भावावर आणि खोडकिडीवर बोलले. पाण्याचा विषय निघाला नाही.

परतीच्या पावसाआधीच हिवरटोल्यानं भिंत पुन्हा बांधली, या वेळी जरा जाड. नव्या अध्यक्षानं म्हणे सभेत सांगितलं, की खालच्यांनी आपण सोडलेलं पाणी नदीत ओतून दिलं, आता कुणी धाकटीचं नाव काढायचं नाही. यादोराव सभेला गेला होता. तो काही बोलला नाही. घरी त्याचा मुलगा बापाशी नीट वागतो, पण शेतीचं काही विचारत नाही.

उमरपारात पाळीची फट कुणी बुजवली नाही. तिच्यातून आता गाडीवाट झाली आहे. तिच्यावरून ट्रॅक्टर सरळ तलावाच्या पोटात उतरतो. लहान पोरं त्या जागेला तलाव म्हणत नाहीत, खालच्या बांध्या म्हणतात. टेकचंदनं डोंग्याची लाकडं काढून गुरांच्या गोठ्याला लावली.

गोदावरीबाई भाऊबीजेला हिवरटोल्याला गेली. यादोरावनं तिला ओवाळणीत साडी दिली, ती नेसून त्याच्या पाया पडली. संध्याकाळी दोघं थोरलीच्या काठी जाऊन बसली. पाणी भिंतीला टेकून स्तब्ध होतं. पलीकडे नदीचं पात्र कोरडं पडलं होतं, त्यात कुणाची तरी शेळी चरत होती. यादोरावनं विचारलं, की हिवाळ्यात राहायला येतेस का चार दिवस. ती म्हणाली, की कापणी झाली की येते.

"यंदा कापणी मोठी हाय," ती म्हणाली, आणि तिला स्वतःच्याच आवाजातल्या समाधानाचं वाईट वाटलं.